विद्यार्थ्याची खोली आणि मोटारीची जागा

वाचकहो, घरबांधणीचे नियम आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागा हा विषय साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. नगरपालिकेच्या इमारत विभागात शोभणारा विषय इथे कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विद्या आणि निवारा यांचा संबंध आपल्याला नवा नाही. परगावी शिकायला गेलेल्या मुलाने वार लावून जेवावे, कुणाच्या तरी माडीवर वळकटी टाकावी आणि सकाळी शाळा गाठावी, ही हकीकत मराठी आत्मचरित्रांतून आपण कितीदा वाचली आहे. गावात शाळा असून भागत नाही. गावाने मुलाला ठेवून घ्यावे लागते. पूर्वी हे ठेवून घेणे घरधन्याच्या मनावर असे. आज ते बऱ्याच अंशी नियमांवर असते, आणि ते नियम ज्या सभेत ठरतात त्या सभेला आपण सहसा जात नाही.

हे नियम कसे काम करतात ते समजून घेण्यासाठी मी एक परके शहर निवडले आहे : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले बर्कली. त्याची कारणे दोन. एक तर या शहरात अशा नियमांचा जन्म, भरभराट आणि माघार असा पुरा प्रवास शंभर वर्षांच्या अवधीत पाहायला मिळतो. दुसरे असे की इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणच्या मराठी घरांतून अमेरिकेला शिकायला जाणारी मुले आता अपवाद राहिलेली नाहीत. प्रवेशाचे पत्र आले की घरी पेढे वाटले जातात. खोली मिळत नाही ही बातमी मात्र नंतर फोनवरून हळूच येते. ती खोली का मिळत नाही, याचे उत्तर शोधू लागले की आपण थेट नगर परिषदेच्या सभागृहात जाऊन पोहोचतो.

१. नकाशावरच्या रेघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्व किनाऱ्यावर बर्कली वसले आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती सव्वा लाखाच्या आसपास भरली. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सर्वांत जुने आवार आहे. विद्यापीठाची स्थापना १८६८ ची, आणि आज त्या आवारात शिकणारे विद्यार्थी ४५,००० च्या घरात. म्हणजे शहर आणि विद्यापीठ एकाच पंक्तीला बसलेले, आणि ताटे मात्र मोजकी. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहांत चौघांपैकी जेमतेम एका विद्यार्थ्याची सोय होते. उरलेल्या तिघांनी शहरात घर शोधायचे.

शहरात कुठे काय बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांना अमेरिकेत झोनिंग म्हणतात. आपल्याकडे विकास आराखडा, यलो झोन, एफएसआय हे शब्द आता सर्वांच्या तोंडी आहेत; तोच हा प्रकार. नकाशावर रेघा ओढायच्या आणि सांगायचे की या भागात कारखाने, त्या भागात दुकाने, पलीकडे घरे. मग प्रत्येक भागात इमारत किती उंच असावी, हद्दीपासून किती जागा सोडावी आणि किती मोटारींची सोय करावी, हेही ठरवायचे. कातडी कमावण्याच्या कारखान्याशेजारी बालवाडी नको, इथपर्यंत कुणाचीच हरकत असणार नाही. बर्कलीने १९१६ साली एक पाऊल पुढे टाकले. एल्मवूड या भागात केवळ एकेका कुटुंबाची स्वतंत्र घरेच बांधता येतील, असा नियम त्याने केला. अमेरिकेतील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या नियमांत त्याची गणना होते.

आपल्या जुन्या वाड्यांशी याची तुलना करून पाहा. पुढे दुकान, मागे मालक, माडीवर दोन बिऱ्हाडे, जिन्याखालच्या खोलीत एखादा विद्यार्थी. एल्मवूडच्या नियमाप्रमाणे असा वाडा बेकायदा ठरला असता. दुकान गेले, बिऱ्हाडे गेली आणि जिन्याखालचा विद्यार्थीही गेला.

या नियमामागचा हेतू निव्वळ हवा-उजेडाचा नव्हता. त्या काळी काही शहरांनी कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहावे याचेच कायदे केले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये ‘बुकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात ते रद्द ठरवले. माणसाचा वर्ण पाहून रेघ ओढता येईना. पण घराचा आकार पाहून ओढता येत होती. मोठ्या भूखंडावर एकच घर असे म्हटले की ज्यांच्याकडे पैसा नाही ते आपोआप बाहेर राहतात. १९२६ मध्ये ‘युक्लिड विरुद्ध अँब्लर रिअल्टी’ या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंगला घटनात्मक मान्यता दिली. घरांच्या वस्तीत शिरणारी भाड्याच्या सदनिकांची इमारत बांडगुळासारखी असते, अशा आशयाचे मतही त्या निकालपत्रात आहे. ज्या इमारतीत विद्यार्थी, कारकून, नवविवाहित जोडपी राहतात, ती इमारत कायद्याच्या भाषेत रोग ठरली.

हे सारे आपल्यापासून दूरचे वाटत असेल तर एक हकीकत सांगतो. वैष्णो दास बगाई हे पेशावरचे गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. पुढे त्यांनी बर्कलीत घर विकत घेतले. सामान घेऊन ते दाराशी आले, तो शेजाऱ्यांनी घराला कुलपे ठोकलेली; हिंदी कुटुंब त्यांना आळीत नको होते. बगाई कुटुंब आल्या पावली परतले. नागरिकत्व हिरावले गेल्यावर वैष्णो दास यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. कलाबाईंनी मात्र कॅलिफोर्नियातच मुलांना वाढवले आणि पुढे येणाऱ्या कित्येक भारतीयांना आधार दिला. २०२० मध्ये बर्कलीने आपल्या मुख्य रस्त्याच्या एका तुकड्याला ‘कला बगाई वे’ असे नाव दिले. ज्या गावात घराचे दार उघडले नाही, त्या गावात रस्त्यावर नाव लागायला शंभर वर्षे जावी लागली.

२. ‘कुटुंब’ म्हणजे कोण?

एका घरात एकच कुटुंब, असे म्हटले की कुटुंब कशाला म्हणायचे हा प्रश्न आलाच. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो फार लवकर आला.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या वेळी तिथे २२० च्या आसपास घरे आणि ७०० माणसे होती. जवळच स्टोनी ब्रुकचे विद्यापीठ. गावाने नियम केला की रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे नाते नसलेली दोनहून अधिक माणसे एका घरात राहू शकणार नाहीत. एका घरमालकाने सहा विद्यार्थ्यांना घर भाड्याने दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये ‘बेल टेअर विरुद्ध बोरास’ या खटल्यात निकाल गावाच्या बाजूने लागला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम डग्लस हे व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. त्यांनी दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत : अशा घरांमुळे जागेत दाटी होते, वर्दळ वाढते, उभ्या राहणाऱ्या मोटारी वाढतात आणि गोंगाट होतो. विद्यार्थ्याविरुद्धच्या युक्तिवादात मोटार येते ती अशी, अगदी सर्वोच्च न्यायालयाच्या दारातून. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले. दाटी आणि मोटारी हाच त्रास असेल तर डोकी आणि मोटारी मोजाव्यात, नाती कशाला मोजता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

कॅलिफोर्नियाने पुढे मार्शल यांचीच वाट धरली. १९८० मध्ये ‘सांता बार्बरा विरुद्ध अ‍ॅडमसन’ या खटल्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा नियम राज्यघटनेतील खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवला. त्यामुळे बर्कलीत चार मित्रांनी मिळून घर घेण्यास कायद्याची आडकाठी राहिली नाही. अमेरिकेतल्या इतर अनेक विद्यापीठनगरांत ती नंतरही टिकून राहिली.

आपण मात्र लगेच सुस्कारा सोडू नये. ‘बॅचलर मुलांना फ्लॅट देऊ नये’ असा ठराव करणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्या आपल्या शहरांतून ठिकठिकाणी सापडतील. बेल टेअरने कायद्याने जे केले, ते आपण वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर करून करतो.

३. मोटारीचा हिशेब

आता मोटारीकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

मोटारी वाढल्या तशी रस्त्याकडेची जागा अपुरी पडू लागली. तेव्हा शहरांनी एक सोपा दिसणारा तोडगा काढला : जो इमारत बांधील त्यानेच आत पार्किंगची सोय करावी. ओहायोतील कोलंबस शहराने १९२३ मध्ये सदनिकांच्या इमारतींसाठी अशी सक्ती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सगळ्या देशभर पसरली. एका सदनिकेमागे एक जागा, कुठे दीड, कुठे दोन.

हा नियम निरुपद्रवी भासतो. पण कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहा. एक मोटार उभी करायला साधारण नऊ फूट रुंद आणि अठरा फूट लांब, म्हणजे १६२ चौरस फूट जागा लागते. गाडी आत-बाहेर करायचा रस्ता धरला की हीच जागा ३०० चौरस फुटांवर जाते. दोन विद्यार्थ्यांना पुरेल अशी खोली २०० चौरस फुटांत बसते. ५,००० चौरस फुटांच्या भूखंडावर आठ सदनिका बांधायच्या आणि प्रत्येकीमागे एक मोटार धरायची, तर २,४०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा भूखंड, मोटारींच्या नावाने निघाला. तळघरात पार्किंग करावे तर एकेका जागेचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो. मग बांधणारा आठाऐवजी चार सदनिका काढतो किंवा बांधतच नाही. चार काढल्या तर त्यांचे भाडे चढते, आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही त्या भाड्यातून मोटारीच्या जागेचे पैसे भरत राहतो.

हे गणित लोकांपुढे नेटाने मांडले ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००५ मध्ये आला. फुकट पार्किंगची किंमत कुणीतरी मोजतच असते, हे त्यांनी त्यात आकड्यांनिशी दाखवले. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांनी सुचवलेले उपाय तीन : पार्किंगची सक्ती काढून टाका, रस्त्याकडेच्या जागेला मागणीनुसार दर लावा, आणि त्यातून आलेला पैसा त्याच आळीच्या फुटपाथांवर, झाडांवर, दिव्यांवर खर्च करा. तिसऱ्या उपायात शूप यांचा व्यवहार दिसतो. दर लावला की रहिवासी चिडतात. पण तोच पैसा आपल्या दारापुढे खर्च होताना दिसला की ते दराचे समर्थक होतात.

रहिवाशांची बाजूही इथे समजून घेतली पाहिजे. विद्यापीठाजवळ राहणाऱ्या माणसाच्या दारापुढे सकाळी आठला परक्याची गाडी लागते आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. घरात आजारी माणूस असेल तर हा त्रास क्षुल्लक म्हणता येणार नाही. यावर उपाय म्हणून परवान्याची पद्धत निघाली : रहिवाशांना परवाना, बाकीच्यांना मर्यादित वेळ. व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या अशा नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मान्यता दिली आणि मग ही पद्धत सर्वत्र रुजली. बर्कलीतही ती आहे. परवाना नसलेल्या गाडीला तिथे दोन तास मिळतात. दारापुढचा रस्ता सार्वजनिक असतो, पण रोज तिथे गाडी लावता लावता तो आपलाच वाटू लागतो. परवान्याने ही भावना पक्की केली. मग नव्या इमारतीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘त्यांच्या गाड्या कुठे राहणार?’

वास्तविक बर्कलीच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे गाडी नसते. ते चालत जातात, सायकल वापरतात. बसचा पास त्यांच्या शुल्कातच धरलेला असतो. जागेची ओढ प्राध्यापकांना अधिक. विद्यापीठाचे एकेकाळचे अध्यक्ष क्लार्क केर गमतीने म्हणत की प्राध्यापकांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे पार्किंगची तक्रार. आजही त्या आवारात नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या प्राध्यापकाला ‘एनएल’ अशी पाटी लावलेली राखीव जागा मिळते. पारितोषिकासोबत मिळणारी ही जागा तिथे थट्टेचा आणि अभिमानाचा विषय आहे. जिथे मोटारीची जागा नोबेलच्या पंगतीत बसते, तिथे ती किती दुर्मीळ असेल, याची कल्पना आपणच करावी.

४. आळी, विद्यापीठ आणि न्यायालय

इथे एक पेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाला राज्यघटनेनेच स्वायत्तता दिलेली असल्याने शैक्षणिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या जमिनीवर शहराचे झोनिंग चालत नाही. खासगी मालकाला परवानगीसाठी जाहीर सुनावणीला उभे राहावे लागते. विद्यापीठाला तसे नाही. त्यामुळे विद्यापीठाला अडवण्यासाठी विरोधकांनी दुसरे हत्यार उचलले, ते पर्यावरणाच्या कायद्याचे. १९७० मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने झालेला हा कायदा सांगतो की कोणत्याही मोठ्या प्रकल्पाआधी त्याचे पर्यावरणावर होणारे परिणाम तपासावेत. नद्या, डोंगर, हवा यांच्या रक्षणासाठी केलेला कायदा हळूहळू आळीच्या रक्षणासाठी वापरला जाऊ लागला.

बर्कलीतील रहिवाशांच्या एका संघटनेने विद्यापीठावर दावा लावला : विद्यार्थिसंख्या भरमसाट वाढवली, पण त्याने घरे, गोंगाट, रहदारी यांवर काय परिणाम होईल हे नीट तपासले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने संख्या २०२०-२१ च्या पातळीवर गोठवण्याचा आदेश दिला, आणि ३ मार्च २०२२ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली. प्रवेशपत्रे पाठवायला काही आठवडेच उरले होते आणि सुमारे ३,००० जागा कमी करण्याची पाळी आली. ज्या मुलांनी अजून बर्कली पाहिलेही नव्हते, त्यांची गणना प्रदूषणात झाली. अकरा दिवसांत, १४ मार्च रोजी, विधिमंडळाने एकमताने कायदा बदलला आणि केवळ विद्यार्थिसंख्येतील वाढ हा ‘प्रकल्प’ मानण्याचे बंद केले.

याच गावातल्या एका चौकात सारा इतिहास साठलेला आहे. त्याचे नाव पीपल्स पार्क. जागा तीन एकरांहूनही कमी. १९६७-६८ मध्ये विद्यापीठाने ती सक्तीने संपादित करून तिथली राहती घरे पाडली. पुढचे काम पैशाअभावी रेंगाळले आणि चिखलाने भरलेल्या त्या जागेत लोक गाड्या लावू लागले. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थी आणि गावकरी यांनी मिळून तिथे झाडे लावली, बाग केली. १५ मे रोजी पोलिसांनी बाग ताब्यात घेतली. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात जखमी झालेला जेम्स रेक्टर हा तरुण पुढे मरण पावला. रेगन यांनी नॅशनल गार्डचे सैन्य गावात उतरवले. १९७९ मध्ये विद्यापीठाने बागेच्या एका टोकाला डांबर घालून पार्किंग करू पाहिले, तेव्हा लोकांनी ते डांबर उखडून काढले. पुढे या बागेत बेघरांनी आसरा घेतला.

२०२१ मध्ये विद्यापीठाने ठरवले की इथे सुमारे १,१०० विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि त्यासोबत बेघरांसाठी काही घरे बांधावीत. पुन्हा दावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा परिणाम अहवालात तपासलेला नाही आणि पर्यायी जागांचाही विचार केलेला नाही. डग्लस यांनी १९७४ मध्ये मांडलेला गोंगाट जवळजवळ पन्नास वर्षांनी पर्यावरणाचा वेष घेऊन परत आला. विधिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा कायदा बदलून स्पष्ट केले की घरात राहणाऱ्या माणसांचा आवाज हा पर्यावरणावरचा परिणाम नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने बागेभोवती जहाजी कंटेनरांची भिंत उभी केली, आणि ६ जून २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वसतिगृहाचा मार्ग मोकळा केला.

५. दोन्ही बाजूंचे देणे

यावरून रहिवासी दुष्ट आणि विद्यापीठ साधू, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. साठच्या दशकात जुनी सुबक घरे पाडून त्यांच्या जागी खोक्यांसारख्या इमारती उठल्या, तेव्हा भाडेकरू आणि घरमालक दोघेही हादरले. १९७३ मध्ये बर्कलीच्या मतदारांनी वस्तीरक्षणाचा जो कायदा केला, त्यात या भीतीचा वाटा मोठा होता. विद्यापीठ मुले वाढवत गेले आणि घरे बांधण्यात मात्र मागे राहिले, हा आरोपही खराच आहे. विद्यापीठ मालमत्ता कर भरत नाही, पण आग लागली की बंब शहराचा येतो. म्हणूनच २०२१ च्या समझोत्यात विद्यापीठाने शहराला सोळा वर्षांत आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. शेजाऱ्याची तक्रार खरी असू शकते. तिच्यावरचा उपाय म्हणून तिसऱ्याचे दार बंद करावे का, एवढाच प्रश्न आहे.

शहरानेही आपली पाने उलटली. जानेवारी २०२१ मध्ये बर्कलीने बहुतेक नव्या घरांवरची पार्किंगची सक्ती काढून टाकली. टेकडीवरच्या अरुंद रस्त्यांचा तेवढा अपवाद ठेवला, कारण तिथे वणवा लागला तर बंब आणि माणसे दोघांना वाट हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये नगर परिषदेने केवळ एककुटुंबी घरांचे धोरण संपवण्याचा ठराव एकमताने केला, आणि जून २०२५ मध्ये सपाटीवरच्या वस्त्यांत लहान सदनिकांच्या इमारतींना परवानगी देणाऱ्या नियमाला मंजुरी दिली. राज्यानेही २०२३ पासून मोठ्या बस-रेल्वे थांब्यांच्या अर्ध्या मैलाच्या आत पार्किंगची सक्ती करण्यास मनाई केली. हे बदल खोल्यांच्या रूपाने हाती यायला वेळ लागेल. शंभर वर्षांत न बांधलेली घरे चार वर्षांत उभी राहत नाहीत.

६. सभेत कोण नसते?

वाचकहो, या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? बॉस्टन विद्यापीठाच्या कॅथरीन आइन्स्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर या तीन अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधील शहरांच्या बांधकामविषयक सभांची इतिवृत्ते तपासली आणि २०१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना दिसले की सभेत बोलणारे लोक सर्वसाधारण रहिवाशांपेक्षा वयाने मोठे, बहुधा घरमालक आणि बहुसंख्येने नव्या घरांच्या विरोधातले असतात. यात कुणाचे कारस्थान नाही. ज्याचे घर आहे त्याला नोटीस येते, त्याला संध्याकाळी वेळ असतो, आणि आपले काय जाणार हे त्याला नेमके ठाऊक असते. जो पुढल्या वर्षी त्या इमारतीत राहायला येणार असतो, त्याला मात्र ती इमारत आपली आहे हे कळलेलेच नसते. तो त्या वेळी इंदुरात किंवा वडोदऱ्यात परीक्षेचा अभ्यास करत असतो. त्याच्या वतीने बोलणारे त्या सभेत कुणी नसते.

हीच स्थिती आपल्या गावीही आहे. इंदूरच्या भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी आलेली मुले, पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली धरून राहणारी मुले, आपापल्या विद्यापीठांभोवती ‘पीजी’त राहणाऱ्या मुली : यांच्या राहण्यावर आपल्याही आळ्यांची उपजीविका चालते आणि यांच्यावरच आपल्या तक्रारीही असतात. आपल्याही बांधकाम नियमांत सदनिकांमागे पार्किंगची सक्ती आहे आणि आपल्याही इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी गाड्यांनी व्यापला आहे. अमेरिकेने जे सत्तर-ऐंशी वर्षे करून आता सोडायला घेतले, ते आपण नव्या उत्साहाने करत आहोत. ते थांबवावे की नाही, याचे उत्तर प्रत्येक गावाने आपल्या रस्त्यांची रुंदी आणि बसगाड्यांची संख्या पाहून द्यावे. बर्कलीचे उत्तर जसेच्या तसे इथे लागू पडेलच असे नाही.

तरीही पुढच्या वेळी आपल्या आळीत नव्या इमारतीचा, वसतिगृहाचा किंवा पार्किंगचा विषय निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहावेत. ज्याचा त्रास होतो असे आपण म्हणतो, ते आपण मोजले आहे की धरून चाललो आहोत : गाड्या किती, आवाज किती, केव्हा? तो त्रास कमी करायला माणसाला बाहेर ठेवण्याखेरीज दुसरा काही उपाय आहे का : रात्रीच्या आवाजाचा नियम, रस्त्यावरच्या जागेचा दर, बसची एखादी फेरी? आणि तिसरा प्रश्न, जो विचारायला कुणी उभे राहत नाही : या निर्णयाने ज्याला खोली मिळणार नाही, तो आज या खोलीत बसलेला आहे का?

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना कुणीतरी परक्या गावात एक कोपरा दिला, म्हणून ते शिकले, आणि महाराष्ट्राबाहेरच्या या शहरांत मराठी वस्त्या उभ्या राहिल्या. त्या कोपऱ्याचे भाडे अजून फिटलेले नाही. ते फेडण्याची संधी वसतिगृहाच्या नकाशावर हरकती मागवणाऱ्या एखाद्या रुक्ष नोटिशीच्या रूपाने येते. ती नोटीस आली तर निदान वाचावी, आणि सभेला जावे.